आधी तुम्ही

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कलेक्टर आला, लाल दिव्याची गाडी आली. पाणी तेवढं यायचं राहिलं. त्याच दुष्काळात आमच्या गल्लीतले एक सर बारावीला फ्रेंच शिकवत. नाकातून असं बोलत की ऐकणाऱ्याला सर्दी व्हावी! फ्रेंच म्हणजे आधी अदब, असं त्यांचं मत. दारात म्हैस आली तरी तिला पुढं जाऊ देत.

शेजारच्या पोरीची फ्रेंचची तोंडी परीक्षा आणि टँकर एकाच वेळी आले. तिची आई म्हणाली, "घरात थेंब न्हाई. आज पाणी भरलं, तरच लेखीला बसू देईन."

"तू जा बेटा," सर पोरीला म्हणाले. "रांगेत मी थांबतो."

घागरी घेऊन सर उभे राहिले. मागून म्हातारी आली. "आधी तुम्ही." लेकुरवाळी आली. "आधी तुम्ही." मी ओरडलो, "ओ सर, हे पॅरिस न्हाई!" त्यांची पाळी आली तेव्हा टँकरच्या नळातून हवा निघत होती.

इतक्यात पोरगी धावत आली. "सर, परीक्षक लई खूश झाले!"

आईनं रिकाम्या घागरी तिच्या हातात दिल्या.

"लेखीला आता तुम्हीच बसा, सर. पाण्याला ही जाईल."