उंदीरकाकू

उंदीरकाकूंच्या पर्समध्ये कायम एक उंदीर असायचा. पानिपतला विणलेल्या जाड चादरीच्या चिंध्या भरून शिवलेला, सुतळीच्या शेपटीचा. मेट्रोच्या तपासणीत एकदा तो बाहेर निघाला, तेव्हा तिथली पोलीसबाई दचकून म्हणाली, "आंटी, ये क्या है?" काकू शांतपणे म्हणाल्या, "खिलौना है. मेरा नहीं, बिल्ली का."

दिल्लीतल्या द्वारकेत त्या आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहत. केंद्र सरकारची नोकरी करून निवृत्त झालेल्या. आवाजातला हुकूम मात्र निवृत्त झाला नव्हता.

आमचा बोका बंड्या तेव्हा पार बिघडला होता. मी आणि माझा नवरा समीर ऑफिसला, हा दिवसभर बंद फ्लॅटमध्ये. चाटून चाटून पोटाला टक्कल पाडून घेतलं, सोफ्याचं पानिपत केलं आणि एका संध्याकाळी समीरच्या पोटरीला कडकडून चावला. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, त्याचं मन रमत नाहीये. समीर वैतागला होता. "बस यार! रविवारी याला फरिदाबादच्या मित्राकडे देऊन टाकू."

लिफ्टमध्ये माझा रडवेला चेहरा पाहून काकू सरळ घरातच आल्या. मी म्हटलं, "काकू, कमी काय आहे हो याला? खायला-प्यायला सगळं मिळतं!"

"आणि करायला? काही नाही. तुला असं कोंडून ठेवलं तर तूही चावशील." त्यांनी बंड्याची भरलेली वाटी उचलून फ्रिजवर ठेवली. "आधी शिकार, मग ताट."

मी त्यांच्या पर्समधला उंदीर घेऊन बंड्याच्या नाकासमोर नाचवला. त्याने तोंड फिरवलं. काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं, कुठला उंदीर मांजराच्या तोंडापाशी चालत येतो? पळव त्याला! पडद्याआड ने. थांब. आता परत पळव." बंड्याचे कान टवकारले, बूड हललं आणि त्याने अशी झेप घेतली की मी किंचाळलेच. "शेवटी पकडू दे हं," काकू म्हणाल्या, "हरवून नको पाठवूस बिचाऱ्याला." मग वाटी खाली आली. पोटभर खाऊन बंड्या गाढ झोपला.

समीरला त्यांनी सुनावलं, "रविवार रद्द!" आणि रोज सकाळी आमची बेल वाजू लागली. "झाली का शिकार?" मी मीटिंगचं कारण सांगितलं की म्हणत, "ते मला नको, बंडोपंतांना सांग." खेळ संपला की त्यांनी बंड्यासाठी वेगळा शिवून दिलेला उंदीर कपाटात. "रोज समोर पडलेल्या उंदराला कोण विचारतं?" पार्सलच्या रिकाम्या खोक्यांना भोकं पाडून त्यांत खाऊ लपवायलाही त्यांनीच शिकवलं. हळूहळू बंड्याच्या पोटावर केस आले. एका संध्याकाळी घरी आले तर समीर जमिनीवर पालथा पडून पलंगाखालून सुतळी ओढत होता. फरिदाबादचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

मग काकूंचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. निघताना मी ढसाढसा रडले. त्यांनी माझ्या हातात पर्समधला उंदीर ठेवला आणि म्हणाल्या, "चुकवू नकोस."

परवा शनिवारी फोन केला, तर आवाज अगदी विझलेला.

"काकू, दिवसभर करता काय?"

"काही नाही गं. कशाला हात लावू देत नाहीत. खायला-प्यायला सगळं मिळतं."

मनाशी म्हटलं, नाही, हे चालायचं नाही.

"काकू, बंड्याचा उंदीर फाटलाय. नवा हवा, तुमच्याच हातचा. खालच्या दोन मांजरांनाही हवेत."

"अगं, आता कुठे जमतंय मला? डोळ्यांना धड दिसत नाही."

"कारणं मला नकोत, बंडोपंतांना सांगा. चिंध्यांचं पार्सल पाठवतेय."

मग एकदम जुना, करकरीत आवाज आला. "पानिपतच्याच ना? दुसरं कापड त्याच्या दातांपुढे टिकत नाही, सांगून ठेवते!"

"पानिपतच्याच."

फोन ठेवला आणि गाडीची किल्ली समीरच्या हातात दिली.

"ऊठ," मी म्हटलं, "पानिपतला जायचंय."