ग्रेन म्हणजे धान्य

माझ्या बायोडाटात ‘आवड : चित्रकला’ ही ओळ मावशीनं घातली. मी हरकत घेतली तेव्हा तिनं आमच्या शोकेसकडे बोट दाखवलं. तिथे मी शाळेत असताना रंगवलेल्या दोन काचेच्या बाटल्या आहेत. एकीवर मोर आहे. दुसरीवरही मोरच आहे, पण पाहुणे त्याला कोबी समजतात.

“आवड लिहिलंय. येतं असं कुठं लिहिलंय?” मावशी म्हणाली.

लातूरच्या मंडळींनी नेमकी तीच ओळ वाचली आणि ते नांदेडला आमच्याकडे आले. मुलगा, त्याची आई आणि वडील. वडिलांची मार्केट यार्डात धान्याची आडत. मुलगा बँकेत. सोफ्यावर तो दोघांच्या मधे असा बसला होता की कुणी हलवलं तरच हलेल. मला ते बरं वाटलं. मीही तशीच बसले होते. आधी पाहून गेलेल्या दोन घरांतल्या मुलांनीच माझी तोंडी परीक्षा घेतली होती. यानं अजून काहीच विचारलं नव्हतं, आणि हे स्थळ जुळावं असं मला पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं.

आईनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, सोबत दही. मुलाचे वडील खाता खाता त्यांच्या नव्या घराबद्दल बोलत होते. म्हणजे दाराबद्दल.

“बाकी घर ऱ्हाऊ द्या. दार बघायला या. सागवान हाय, अस्सल! किनवटच्या जंगलातलं. गुत्तेदाराला म्हणलं, दारात काटकसर न्हाई करायची. आडत लाइनीतले समदे येऊन हात फिरवून गेले.”

बाबांनी आमच्या दाराकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. आमचं दार उचलून धरल्याशिवाय कडी लागत नाही.

तेवढ्यात मुलाच्या आईनं पर्समधून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. “तू पेंटिंग करतीस ना माय? मग सांग बरं, हे काय हाय?”

मावशीचा चमचा थांबला. माझं तर सगळंच थांबलं.

नारळाची फोड असते तसा तो बाहेरून फुगीर, कडक काळ्या रबराचा तुकडा होता. त्यावर एकात एक कमानी कोरलेल्या, आणि मागे धरायला मूठ. मी असली वस्तू जन्मात पाहिली नव्हती.

“घराचं काम झाल्यावर माळ्यावर सापडलं, रंगाच्या डब्यामागं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे पेंटरचंच असणार की.”

“पेंटरचं न्हाई!” वडील म्हणाले. “मुठीवर बघ काय लिहिलंय. वाच बेटा, तू तर इंग्लिश मिडियमची.”

मुठीवरची बरीच अक्षरं झिजली होती. राहिली होती ती मी वाचली, “ग्रेन.”

“ग्रेन म्हणजे?”

“धान्य.”

“झालं! धान्याचं हत्यार हाय. माझ्याच आडतीतून त्या पेंटरनं उचललं असणार. मी गव्हात फिरवून बघितलं, लई झकास फिरतं.”

“अवो, तुम्ही त्यानं पाठ बी खाजवता. म्हणून ते काय पाठीचं झालं का?”

दोघांचं भांडण जुनं दिसत होतं. आता निकाल माझ्याकडे आला होता, तोही दोन्ही बाजूंनी: चित्रकला येते म्हणून आणि इंग्रजी येतं म्हणून. चुकले तर मावशीची ओळ खोटी पडणार होती आणि आईची मान खाली जाणार होती. मावशी भुवयांनी मला काहीतरी सुचवत होती. भुवयांनी अवजारांची नावं सांगता येत नाहीत.

घाबरले की माझे हात काहीतरी चाळा करतात. माझ्या स्टीलच्या ताटलीत दह्याचा पातळ थर पसरला होता. मी ते अवजार त्यात टेकवलं आणि मूठ हळूहळू कलवत माझ्याकडे ओढलं.

दह्यात लाकूड उमटलं.

खरंच. लांब रेषा, मधे बदामासारखी गाठ, पुन्हा रेषा. हुबेहूब सागवान. आणि एकदम लक्षात आलं की लाकडाच्या रेषांनाही इंग्रजीत ग्रेनच म्हणतात. त्यापुढची गोष्ट लक्षात यायला मला नको होती, पण आली. हे ज्या घराच्या माळ्यावर सापडलं, त्याच घराला ते दार होतं.

मी वर पाहिलं. मुलगा माझ्या ताटलीकडे पाहत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला माहीत होतं. आई-वडील इतके दिवस भांडत होते आणि हा मुकाट ऐकत होता.

“दही घ्या ना अजून,” तो म्हणाला. त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. आणि वाटीतलं सगळं दही त्यानं माझ्या सागवानावर ओतलं.

“मग? काय ठरलं?” वडिलांनी विचारलं.

आडत लाइनीतल्या सगळ्यांचे हात फिरलेल्या त्या दाराचा मी विचार केला.

“ग्रेन म्हणजे धान्यच, काका.”

“बघ!” ते बायकोकडे वळले. “शिकलेली पोरगी हाय.”

“मग पेंटिंगवालीला कशाला विचारलं मी,” त्या पुटपुटल्या.

जाताना चपला घालायच्या निमित्तानं मुलगा मागे राहिला. “पेंटर दारावर ते ओढत होता तेव्हा मी बघितलं होतं,” तो हळूच म्हणाला. “आत साधं प्लायवूड आहे. पण तोवर पप्पांचं अर्ध्या लातूरला सांगून झालं होतं.”

आता त्या दाराच्या आत मी राहते. मागच्या दिवाळीत आकाशकंदिलासाठी खिळा ठोकताना दाराच्या कडेचा ढलपा निघाला आणि आतलं पांढरं दिसायला लागलं. नवऱ्यानं त्यावर तोरण ओढलं. ते दोन बोटं कमी पडलं. अवजार तर आडतीत, सासऱ्यांच्या गादीमागच्या खिळ्यावर मानानं टांगलेलं. मी मागायला गेले.

“कशाला पायजे?” सासऱ्यांनी विचारलं.

“डाळ बघायचीय.”

ते इतके खूश झाले की तुरीच्या ढिगात फिरवून त्यांनी मला दोनदा शिकवलं.

दुपारी सासूबाई झोपल्यावर आम्ही दोघांनी तेवढ्या जागेत रंग भरला आणि मी अवजार ओढलं. रेषा बऱ्या आल्या, पण मधली गाठ थेट कोबीसारखी झाली. पुसायला गेलो तर गेटची कडी वाजली.

सासरे दारात थांबले. वाकून गाठ बघायला लागले. नवरा माझ्यामागे सरकला.

“हे कधी बघितलंच न्हाई आपण,” ते म्हणाले. “अस्सल लाकूड असलं की अशी गाठ असती बघ.”

आणि हात फिरवायला पुढे झाले. रंग अजून ओला होता.

“पप्पा, दही घेता का?” नवरा ओरडला.