ऐकायची मर्यादा

सुखदा कांचघर मोहल्ल्यातल्या घरात, मागच्या खोलीत बसून उपग्रहांसाठी सॉफ्टवेअर लिहायची. कंपनी बंगळूरची, खुर्ची जबलपूरची. एकदा लिहून कुठल्याही उपग्रहाला चालतील असे भाग तयार करायचे, हे तिचं काम. पोळपाट कसा, कणीक कोणाचीही असो, तोच चालतो.

तिचा सगळ्यात गाजलेला भाग ऐकण्याचा होता. उपग्रह डोक्यावरून जाताना जमिनीवरचं केंद्र त्याला हाक मारतं. काही फेऱ्या उत्तर आलं नाही, की हा भाग त्याला मुका ठरवून ऐकणं बंद करतो. किती फेऱ्या थांबायचं, ते प्रत्येक उपग्रहासाठी वेगळं ठरवायला हवं होतं. सुखदाने पहिल्या उपग्रहाचा आकडा 'सध्या असू दे' म्हणून आतच ठेवला आणि ती विसरली; पुढच्या सगळ्या उपग्रहांना तोच लागला. आपल्याकडे 'सध्या'ला मरण नसतं.

आज कळलं, की एका कॉलेजच्या मुलांचा उपग्रह बॅटरी उतरून गप्प झाला होता. उन्हात चार्ज होऊन तो उशिरा जागा झाला आणि बोलत राहिला. परदेशातल्या कुणा हौशी रेडिओवाल्याने त्याचा आवाज टिपला. इकडे केंद्रात मात्र त्या जुन्या आकड्याने त्याला आधीच मुका ठरवलं होतं, कोणी ऐकतच नव्हतं. मग तो कायमचा गेला.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "होतं असं. दुरुस्त करून टाक." तिने एक ओळ बदलली. रडू आलं नाही, लाजही वाटली नाही. बाबा आजारी पडल्यापासून तिचं असंच झालं होतं, आत सगळं बधिर.

बाबा, म्हणजे विष्णुपंत, फॅक्टरीतून निवृत्त झालेले. अर्धांगाच्या झटक्यानंतर एक शब्द बोलले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, रोज समोर बसा, बोला, वाट बघा. सुरुवातीला ती बसायची. मग कामं निघाली आणि बसणं सुटलं.

हेडफोन काढून ती चहाला स्वयंपाकघरात आली. कुमुदआत्या भाजी निवडत होती.

"दादा बोलला आज," आत्या म्हणाली.

"काय बोलले?"

"तुझं नाव. दोनतीनदा घेतलं. मी आवाज दिला तुला, तू ते कानात घालून मीटिंग करून राहिली होती. मग थकला, झोपला."

कितीतरी महिन्यांनी सुखदाला काहीतरी दुखलं, आणि ते फार दुखलं.

ती बाबांच्या खाटेशी स्टूलवर जाऊन बसली. त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं. ओठ मिटलेलेच.

"चलो, चहा थंडा होऊन राहिला," आत्या दारातून म्हणाली. "किती वेळ बसशील?"

'दहा मिनिटं' असं सुखदाच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि स्टूल आणखी पुढे ओढलं.