चेंबरचा नट लईच आवळला

मित्रांनो, आज पुण्यात माझ्या जुन्या गाडीचं ऑईल पहिल्यांदा स्वतः बदललं. काळं ऑईल काढून इंजिनाखालच्या ऑईल चेंबरचा नट परत बसवला. गावाकडं नांगराचे नट पान्याला पाईप घालून आवळतो, तसंच केलं. नटाचे आटेच गेले! नवं ऑईल भरलं तर थेंब थेंब गळतंय.

उद्या आईला गावाकडनं, बेंबळीहून सोलापूरला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचंय.

तेवढ्यात वडलांचा फोन. ऑईल बदलतोय हे त्यांना सकाळीच सांगितलं होतं. "काळं ऑईल फेकू नको रं, दाराच्या चौकटीला वाळवी लागलीय, तिथं लावायचंय. आन् तुझी आई पोराच्या गाडीत जाणार म्हणून सगळ्या गल्लीला सांगून आलीय."

मी नुसतं व्हय म्हणलो.

आता तुमीच सांगा, ह्या नटावर भरवसा ठेवू, का आईला एसटीनं जा म्हणू?