आबांचं खाकरणं

भावाने आमचा पणजोबांच्या हातचा दगडी गोठा राहतं घर करून घेतला. भिंती तशाच ठेवल्या, मागे दोन खोल्या वाढवल्या, गव्हाणीवर फळी टाकून बसायला बाक केला. जुनं काय काय जपलंय ते तो हौसेने दाखवत होता. मी दिवाळीला माहेरी आले आहे. वहिनी कौतुकाने म्हणाली, "ताई, मामंजी किती मर्यादा पाळतात बघा. दारात खाकरल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत."

मी नुसती हसले. ते खाकरणं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. गोठ्यात एकदम शिरलं की जनावर बुजतं, म्हणून आमचे वडील, आबा, आधी दारात खाकरायचे आणि थांबायचे. आत गाय, शेवटी शेवटी चंद्री, मान हलवायची, तिच्या गळ्यातली घंटा वाजायची, मगच आबा आत जायचे. बांधकाम सुरू व्हायच्या आधी चंद्रीला विकलं. घर हवंच होतं, आणि या वयात धारा काढणार कोण, हेही खरंच. भावाने एवढं सगळं जपलं. हे खाकरणं मात्र कुणी न जपताच उरलंय.

आता त्यावर आतून वहिनीचा आवाज येतो, "या ना, मामंजी." मग आबा आत जातात.

काल दुपारी सगळे बाजाराला गेले होते. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आबा दारात आले, खाकरले आणि थांबले. दार सताड उघडं होतं. आतून कसलाच आवाज आला नाही.

आबा बराच वेळ तसेच उभे राहिले, आणि मग बाहेर पायरीवरच बसले.