केसरबाईची नाडी

सोमाजी मला पहिल्यांदा दिसला तो बायकोचा हात हातात घेऊन ओसरीवर बसलेला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाजवळच्या त्या खेड्यात माझी नुकतीच बदली झाली होती. भर दुपारी नवरा-बायको असे बसलेले पाहून मी मान वळवली. तर तोच म्हणाला, "या गुरुजी. नाडी पाहून राह्यलो."

नाडी पाहणं त्याला मामानं शिकवलं होतं. तो औषध देत नसे. मनगटावर तीन बोटं ठेवून एवढंच सांगे, घरी झोप, नाही तर दवाखान्यात जा. पाहणाऱ्यानं स्वतःची नाडी पाहू नये, हा मामाचा नियम तो पाळायचा. केसरबाईची मात्र रोज पाहायची, जेवण झाल्यावर, चाळीस वर्षं. एरवी तो तिच्याशी फारसा बोलत नसे.

तीन वर्षांपूर्वी आरोग्य उपकेंद्रात संघप्रिया रुजू झाली. तिच्याकडे बोटाला लावायचा, डबीसारखा चिमटा होता. त्यातला लाल उजेड बोटातून जातो आणि नाडीचे ठोके आकड्यात दिसतात. धानाच्या रोवणीच्या दिवसांत केसरबाईला चक्कर आली, तेव्हापासून ती दर गुरुवारी तिकडे जाऊ लागली.

सोमाजीचं बिनसलं. गुरुवारी तो दोनदा तिचा हात मागू लागला, ती जायच्या आधी आणि आल्यावर.

"काय म्हन्ते तुझी डबी?"

"चौऱ्याहत्तर म्हन्ते."

"आन् मी काय म्हनलो होतो?"

"तुमी आकडा सांगता काय जी कधी? नुसते हुं म्हन्ता."

बायका पाणी भरताना हसायच्या, "केसरबाईचा हात आता दोघाइकडं!" ते त्याच्या कानावर आलं. मला म्हणाला, "गुरुजी, चाळीस वर्साचा हात हाय तो. तिनं त्या डबीत बोट घालाव?"

एका गुरुवारी तो तिच्या मागोमाग उपकेंद्रात गेला. डबी खोटी बोलते, हे त्याला बायकोच्या समोर दाखवायचं होतं. मलाही साक्षीला नेलं. संघप्रियानं आधी केसरबाईला चिमटा लावला. शहात्तर. मग हसून म्हणाली, "आबाजी, तुमचं बोट द्या."

त्यानं ऐटीत बोट पुढं केलं. आकडा बावन्न झाला, एकशेदहा झाला, पुन्हा अडुसष्ट.

"पाह्यलं? बिघडली!" सोमाजी एवढा खूश मी कधी पाहिला नव्हता.

संघप्रियानं चिमटा स्वतःला लावला, मग मला. आकडे स्थिर होते. पुन्हा त्याला लावला, पुन्हा उड्या. तिचं हसू गेलं. "आबाजी, उद्याच चंद्रपूरले जाऊन हृदयाची पट्टी, ईसीजी काढा लागते."

"जात नाई. डबीचं आयकून मी कुठी जात नाई."

तेव्हा केसरबाईनं त्याचं मनगट ओढून घेतलं. तीन बोटं ठेवली, अगदी त्याच्यासारखी. 

"तुले काय समजते त्यातलं?" तो म्हणाला.

"चाळीस वर्स माह्याच हातावर पाह्यलं ना तुमी. थांबून थांबून चालून राह्यली जी. उठा."

तो उठला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी हृदयाची लय बिघडल्याचं सांगितलं. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या, आणि महिन्याला एकदा यायला सांगितलं.

सोमाजी आता बहात्तर वर्षांचा आहे. दोन्ही वेळच्या गोळ्या घेतो. दर महिन्याला केसरबाईसोबत सकाळच्या एसटीनं चंद्रपूरला जातो, आणि संघप्रियाशी अजून बोलत नाही.