उबवलेली घार, बनवलेला वाघ

हिवाळ्यातल्या दुपारी कागलच्या एमआयडीसीत, आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, शेजारच्या रानात पेटवलेल्या उसाच्या पाचटाचा कडवट-गोड धूर हलकेच शिरतो, आणि त्या धुराआड मला अजून स्नेहलचा मोबाइलवर झुकलेला, उजळलेला चेहरा दिसतो. जयसिंगपूरची ही माझी सहकारी. सुटे भाग तपासण्याच्या टेबलावर आम्ही शेजारी बसतो. दोघांनाही एकच वेड : मोबाइलवरच्या एका खेळातले काल्पनिक प्राणी पाळायचे, वाढवायचे, एकमेकांत बदलायचे.

तिच्याजवळ सोनेरी पंखांची एक घार होती. त्या खेळात अंडं उबवायचं तर खरोखर पायी चालावं लागतं. चार महिने स्नेहल एक थांबा आधी उतरून, उसाच्या कडेकडेनं मावळत्या उन्हात घरी चालत गेली, तेव्हा कुठं ती घार जन्मली. मला ती हवीच होती. बदल्यात मी वाघ देऊ केला. बळ, चपळाई, सगळं शिगोशिग. कारण तो मी इंटरनेटवरच्या एका प्रोग्रामनं पाच मिनिटांत बनवला होता. त्याचं जन्मस्थळसुद्धा मीच टाइप केलं होतं.

"कुठं गावला रं असला?" तिनं विचारलं.

"रंकाळ्यावर," मी म्हणालो.

अदलाबदल झाली. खेळानं वाघ स्वीकारला, म्हणजे तो वैधच, असं मी मनाला पटवलं. घरातला पहिला पदवीधर मी. युक्तिवाद मला चांगला जमतो. माझे वडील, आबा, सातवी शिकलेले. वडगावच्या बाजारात म्हैस विकताना गिऱ्हाइकानं विचारायच्या आत मोठ्यानं सांगायचे, "पावणं, एक सड बारीक हाय बरं का! मागनं शिव्या नगोत." भाव पडायचा. मी चिडायचो. ते म्हणायचे, "खोड सांगितल्याबिगर दावं दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं." मला ते अडाणीपणाचं वाटे.

फाल्गुनात स्नेहल घरच्यांशी भांडून, पहिल्यांदाच एकटी, पुण्याला त्या खेळाच्या स्पर्धेला गेली. पहिल्याच तपासणीत वाघ बनावट ठरला आणि तिला बाद केलं. परतल्यावर डब्यातली भाकरी मोडत ती म्हणाली, "कुणी दिला म्हणून इचारत होते. म्हटलं, ध्यानात न्हाय."

"का?"

"तुलाबी कुणीतरी गंडवलं असणार की. तुझं नाव कशाला खराब करू?"

मग मी सगळं सांगितलं, अगदी रंकाळ्याचं खोटंसुद्धा. घार परत देतो म्हणालो. तिनं डब्याचं झाकण दाबून लावलं.

"ठेव की. तुझ्याकडं एक तरी खरं असू दे."

आम्ही अजूनही शेजारी बसतो, कामापुरतं बोलतो. घार माझ्याकडेच आहे. तिच्यावर बोट ठेवलं की खाली बारीक अक्षरांत उबवणारीचं नाव उमटतं, आणि ते कुणालाही पुसता येत नाही. आधी ते मला खेळातली एक अडचण वाटायचं. आता रोज एकदा ते नाव वाचल्याशिवाय मोबाइल खिशात ठेववत नाही. ही शिक्षा आहे की आधार, ते मात्र अजून ठरवता आलेलं नाही.